हनुवटीवरचा हेडफोन

चैत्रातल्या उन्हात अप्पा ड्रमच्या कडेवर हनुवटी टेकवून दोन बोटांनी त्याचं ताणलेलं पान हलकेच थोपटत, तेव्हा त्यांचे डोळे आपोआप मिटत आणि गालांवरच्या सुरकुत्यांतून एक सूक्ष्म कंप पसरत जाई. लग्नाच्या बँडमध्ये माझ्या वडिलांची सारी उमर गेली, पाठीशी कायम कर्ण्यांची गाडी. त्या कल्लोळात कानाला काही उमगत नाही, म्हणून त्यांच्या बँडमधले सगळेच ड्रमचा ताण असा जबड्याने तपासत. "कान गोंधळून जातो माय, हाडाला बराबर समजतं," असं ते सांगत, आणि मला ती त्यांची ऐट वाटायची.

मेंढरांमागे वाढलेला माणूस. वाटूरच्या माळावर कुठलं कोकरू कुठे अडकलंय, हे ते नुसत्या ओरडण्यावरून ओळखत, असं आत्या अजून कौतुकाने सांगते. आई गेल्यावर ते बदनापूरला माझ्या भाड्याच्या दोन खोल्यांत आले. खाली घरमालकीण आजारी, त्यामुळे ड्रम गावीच राहिला. पण त्यांचे हात स्वस्थ बसेनात, ताटाच्या काठावर, मांडीवर, माझ्या शाळेतल्या पोरींच्या वह्यांच्या गठ्ठ्यावर ताल धरत राहिले. शेवटी मी इलेक्ट्रॉनिक ड्रम घेतला. त्याच्या रबरी चकत्यांवर काठी मारली की बाहेर नुसती थप्प ऐकू येते आणि खरा नाद तारेतून वाजवणाऱ्याच्या कानात उतरतो. उरला होता हेडफोन. तो अप्पांनीच पारखून घ्यावा, म्हणून आम्ही जालन्याला गेलो.

दुकानदार वयस्क आणि सोशिक होते. बिनतारी घेऊ नका, काठी पडल्यावर आवाज मागाहून येतो. कान पूर्ण झाकणारा घ्या, म्हणजे रबराची थप्प आत शिरत नाही, असं त्यांनी नीट समजावलं आणि दुकानातल्या ड्रमला एकेक हेडफोन जोडून दिला. अप्पांनी पहिला उचलला, त्याची एक वाटी जबड्याच्या हाडाला लावली आणि दुसऱ्या हाताने काठी मारली. मग दुसरा, मग तिसरा. मला हसू आवरेना.

"काका, कानाला लावा की," दुकानदार म्हणाले.

अप्पा त्यांच्या ओठांकडे बघत राहिले. मग ओशाळून त्यांनी तो तिसरा, जड हेडफोन कानांवर चढवला, चार ठोके मारले आणि बोटाने खूण केली, वाढवा. पुन्हा खूण केली. पुन्हा. मग मान डोलावून म्हणाले, "ह्यो बराबर हाय. बघ तू."

मी तो घातला आणि त्यांनी काठी मारली. डोक्यात काहीतरी फुटल्यासारखं झालं, डोळ्यांत पाणी आलं, मी तो ओरबाडूनच काढला. दुकानदारांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. दाराची कडी वाजली तरी न हलणारे अप्पा, मी पाठमोरी बोलले की नुसतं "हं" म्हणणारे अप्पा, ज्या वागण्याला मी म्हातारपणाचा आळस समजून कितीदा करवादले होते, ते सगळं त्या एका क्षणात माझ्यापुढे उभं राहिलं. आपल्याला ऐकू येईनासं झालंय, हे त्यांना केव्हापासून ठाऊक असावं?

हेडफोन घेतला. न घेण्याचं कारण त्यांच्या तोंडावर सांगायचं धैर्य मला झालं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकीतून पिवळं ऊन आत आलं होतं आणि ते तल्लीन होऊन वाजवत होते. उरलंसुरलं तरी जपावं म्हणून मी मागे उभी राहून आवाजाचं बटण हळूच कमी केलं. ते थांबले नाहीत. आणखी कमी केलं. मग, आपण काय करतोय हे कळत असूनही, शून्यावर आणलं. काठ्या तशाच पडत राहिल्या, लय रेसभरही हलली नाही. मान त्याच ठेक्यावर डोलत होती आणि चेहऱ्यावर वरातीतलं तेच तृप्त हसू होतं. वाजवणं आटोपल्यावर हेडफोन काढून ते म्हणाले, "लई साफ आवाज हाय माय. समदं येऊन राह्यलं."

मी समोर जाऊन, ओठ नीट हलवून "हो अप्पा" म्हटलं.

कानाच्या डॉक्टरांकडे नंबर लावला आहे. ते काय सांगतील याचा विचारसुद्धा करवत नाही. ज्या नादाशी इतकी वर्षं संसार केला, तो निघून गेला तरी त्यांच्यात वाजत राहील, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण माझा आवाज? शाळा, बस, वह्या, यांच्या घाईत मी त्यांच्याशी असं बोलले तरी किती? म्हणून हल्ली मी अप्पांच्या अगदी जवळ बसून वाटेल ते बोलत राहते, भाजीचं, पोरींच्या परीक्षेचं, आईचं; पुढे कधी मी नुसते ओठ हलवेन, तेव्हा त्यांना आठवायला माझा आवाज पुरला पाहिजे.