नळूबाईंचा सूर

आमच्या प्रयोगशाळेतली कार्बनची ती नळी केसाहून हजारो पटींनी बारीक. हवा उपसलेल्या डब्यात एका फटीवर ताणून बसवलेली आणि सेकंदाला कोट्यवधी वेळा थरथरणारी. तिच्यावर कणभर काही बसलं तरी तिचा सूर उतरतो आणि पडद्यावरचा आकडा खाली येतो. डब्याचा पंप बावीस वर्षं सांभाळणारे दादा तिला नळूबाई म्हणत. “नळूबाईंचा सूर लागलाय ना, साहेब?” असं रोज सकाळी विचारत.

एका दुपारी कंटाळून मी न मोजताच वहीत अंदाजपंचे ३११ लिहून टाकलं आणि घरी गेलो. महिनाभर रोज ३१८ लिहिणाऱ्या माणसाला तो आकडाही धड आठवू नये, याची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी वही पाहिली. “काल ३११, आज पुन्हा ३१८? म्हणजे पंप गळला, डब्यात हवा शिरली आणि दादांनी गुपचूप सावरून घेतलं.”

“पंप गळलाच नाही, मॅडम,” दादा म्हणाले.

मॅडम माझ्याकडे वळल्या. “तू मोजलं होतंस ना?”

“हो.”

त्याच क्षणी पडद्यावर ३१७ आला. पंपाचा काटा जागचा हलला नव्हता, डब्यात हवेचा लवलेश नव्हता, मग नळीवर बसलं तरी काय, हे मला कळेना.

चौकशीत मी तेच सांगितलं, तेव्हा ३१५ झाला. जबाबावर सही केली, ३१३. घरी बायकोनं विचारलं, “हल्ली जेवताना मान वर का करत नाहीस?” मी म्हणालो, “काही नाही गं.” सकाळी येऊन पाहतो तर ३१२.

दादांना घरी बसवलं. शेवटच्या दिवशी ते चष्म्याचं घर न्यायला आले आणि माझ्याजवळ थांबले.

“रागावू नका, साहेब. तुम्ही खरंच मोजलं होतंत?”

मी रात्रभर ठरवून आलो होतो. आज सांगायचंच, मग होईल ते होवो. मी तोंड उघडलं, पण शब्द फुटायच्या आतच पडद्यावर ३११ आला आणि तिथेच थांबला.

दादांनी तो आकडा पाहिला. मग पंपाच्या जागच्या जागी असलेल्या काट्याकडे पाहिलं, पुन्हा आकड्याकडे, आणि पहिल्यांदाच त्यांनी माझ्यासमोर मान खाली घातली.

“माफ करा, साहेब,” ते म्हणाले. “मी तुमच्यावर संशय घेतला.”