तळाचं भोक

कोरडेबुवांच्या हातचा जोड गळत नाही, हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि ज्याला ठाऊक नसेल त्याला ते स्वतः सांगायचे. तीस वर्षं त्यांनी प्लंबरचं काम केलं. शाळेच्या टाकीखाली, बेकरीच्या मोरीत, निम्म्या वस्तीच्या गच्च्यांवर त्यांचे पाईप होते आणि त्या पाईपांखालची जमीन कोरडी ठणठणीत होती. नाव त्यावरूनच पडलं. आधी लोक चिडवायला म्हणत. पुढे बायकोही म्हणायला लागली, तेव्हा त्यांनी निमूटपणे मान्य केलं.

गेली दोन वर्षं मात्र या माणसाच्या घरात पाण्याचीच भानगड होऊन बसली होती. बायकोच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. प्यायलेलं पाणी अंगातून बाहेर पडेना. ते पायांत साचायचं, पोटात साचायचं, शेवटी छातीत चढून श्वास कोंडायचा. मंगळवारी आणि शुक्रवारी नदीपलीकडच्या इस्पितळात चार तास मशीनला जोडून ते काढावं लागे. दिवसभरात तिला प्यायला स्टीलचा एक मग. बुवांनी त्याला आतून कानशीनं आठ रेघा मारून दिल्या होत्या, एक रेघ म्हणजे दोन-तीन घोट. घरात नळाला चोवीस तास पाणी आणि बाई रेघा बघून पिते, हे त्यांना बघवत नसे.

इस्पितळात जायला एक बुटका पूल होता. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले की तो कमरेइतका पाण्याखाली जायचा. दुसरा मोठा पूल दुरुस्तीसाठी बंद होता, त्या ओढीत होडी घालायला कुणी धजत नव्हतं आणि रुग्णवाहिका पलीकडच्या काठापर्यंतच यायची. गेल्या शुक्रवारी पूल असाच बुडालेला असताना मेहुण्यानं बहिणीला ट्रॅक्टरवर बसवून पाहिलं. खालून वाहणारं पाणी बघून तिला भोवळ आली आणि मडगार्डवरून घसरता घसरता ती वाचली. मशीन चुकलं. रविवारची सगळी झोप तिनं खुर्चीत बसून काढली, कारण आडवं पडलं की गुदमरायचं.

"अजून एक चुकवू नका," इस्पितळातली सिस्टर फोनवर म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच गोड होता, म्हणून बुवा जास्त घाबरले.

तेव्हा त्यांची नजर दारातल्या जीपवर गेली. पाईप आणि शिड्या वाहून वाहून म्हातारी झालेली, पण चारही चाकं ओढणारी, उंच गाडी. खडक म्हणू नका, चिखल म्हणू नका, कुठंही चढायची. अडचण एकच होती. इंजिन बॉनेटच्या आतूनच हवा घ्यायचं, आणि पाणी तिथवर चढलं की संपलं. मेहुण्याचं गॅरेज होतं. त्यानं सांगितलं की रानावनात गाड्या घालणारे लोक इंजिनाची हवेची नळी टपापर्यंत वर नेतात. तयार नळी महाग होती आणि मागवली तर यायला पंधरा दिवस.

"नळीच ना?" बुवा म्हणाले. "ती माझ्यावर सोड."

"दाजी, इंजिनाचं काम आहे. झाल्यावर मी एकदा नजर घालतो."

"नळीचं काम आहे. तू आपला ट्रॅक्टर बघ."

सोमवारी सकाळी ते कामाला लागले. गच्चीचं पाणी उतरवायचा तीन इंची पाईप, तीन एल्बो, दोन क्लॅम्प आणि जुन्या ट्यूबचं रबर, एवढंच सामान, तेही घरातलंच. बॉनेटच्या कडेला गोल कापून पाईप आत घेतला, एअर फिल्टरच्या डब्याच्या तोंडाला जोडला आणि काचेच्या कडेकडेनं वर टपापर्यंत नेला. वरच्या तोंडात पाला जाऊ नये म्हणून चहाची जुनी गाळणी बसवली. बायको दारात स्टुलावर पाय ठेवून बघत होती.

"गाडीला न्हाणी बसवताय की काय?" ती म्हणाली.

"उद्या कळेल," बुवा म्हणाले. पुष्कळ दिवसांनी त्यांना शीळ घालावीशी वाटली.

तपासणी त्यांनी आपल्या पद्धतीनं केली. डब्यातला फिल्टर काढून ठेवला, डब्याचं इंजिनाकडचं तोंड बुचानं बंद केलं, वरून पाईप काठोकाठ भरला आणि खाली वर्तमानपत्र पसरून तासभर शेजारी बसले. कागदावर एक थेंब नाही. मग बूच काढून पाणी सोडलं, तरी डब्याच्या तळाशी वाटीभर उरलंच. ते फडक्यानं टिपता टिपता त्यांच्या डोक्यात आलं की पाऊस आला तर गाळणीतून पाणी इथंच येऊन साचणार. जिथं पाणी साचेल तिथं तळाला वाट द्यायची, हे त्यांच्या हाताला डोक्याआधी कळायचं. त्यांनी ड्रिल घेतलं, डब्याच्या तळाला करंगळीएवढं भोक पाडलं, फिल्टर परत बसवला आणि समाधानानं हात धुतले.

मंगळवारी दुपारी जीप पाण्यात उतरली. काठावर मेहुणा ट्रॅक्टर घेऊन थांबला होता, पलीकडे रुग्णवाहिकेचा दिवा फिरताना दिसत होता. बायकोच्या मांडीवर कागदांची पिशवी. पाणी चाकांवर आलं, मग दिव्यांवर आलं. इंजिन एका लयीत चालत होतं.

"बघितलंस?" बुवा म्हणाले.

"पुढे बघा," ती म्हणाली, पण हसली.

पुलाचा तिसरा हिस्सा झाला असेल नसेल, इंजिनानं एक ठसका दिला. मग आत काहीतरी ठाणकन वाजलं आणि सगळं थांबलं. बुवांनी चावी फिरवली. नुसतं टक. परत फिरवली. दाराच्या फटींतून पाणी आत येऊन पायांशी खेळायला लागलं. तीस वर्षांत पाणी अनावर झालं की त्यांचा हात आधी मेन कॉककडे जायचा. इथे कॉक नव्हता. त्यांनी तिचे सुजलेले पाय उचलून आपल्या मांडीवर घेतले. याहून दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

"एवढं पाणी," ती बाहेर बघत म्हणाली, "आणि माझ्या मगात आज उरल्या दोनच रेघा."

एरवी ते हसले असते.

मेहुण्यानं ट्रॅक्टर उलटा घालून दोर बांधला. तोवर अर्धा तास गेला आणि पाणी वीतभर चढलं.

"पुढे ओढ," बुवा खिडकीतून म्हणाले. "पलीकडे घे."

"मधे पूल खोलात आहे, दाजी. तिघंही जाऊ."

"बघ की एकदा."

"नाही जमणार, दाजी," तो म्हणाला. त्यालाही ते बोलणं जड जात होतं. जीप मागे मागे आपल्याच काठाला आली. पलीकडच्या माणसानं दोनदा हात हलवला, रुग्णवाहिका वळवली आणि नेली.

तिला ट्रॅक्टरजवळ सावलीत बसवून मेहुण्यानं बॉनेट उघडलं. बुवांनी आधी आपला पाईप वरपासून खालपर्यंत चाचपला. एकेक जोड पक्का होता. मेहुण्यानं डब्याखाली बोट घातलं आणि ते वरपर्यंत आत गेलं.

"हे भोक कंपनीचं नाही," तो म्हणाला.

बुवांनी वाकून त्या भोकाकडे पाहिलं.

"डबा बुडाला, आणि इंजिनानं इथून पाणी ओढलं. मग वरची नळी असून नसून सारखी." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बुवांना भांडता तरी आलं असतं. बघायला येतो म्हणाला होता त्याला आपण ट्रॅक्टर बघ म्हणालो, एवढंच त्यांच्या मनात फिरत राहिलं.

घरी आल्यावर सिस्टरचा फोन आला. पाणी उतरलं की तडक आणा, तोवर प्यायचं पाणी अर्धं करा, म्हणाली. पाणी कधी उतरेल हे तिला ठाऊक नव्हतं, धरणावाल्यांनाही नव्हतं. बायको उशी पाठीला लावून खुर्चीत बसली होती. दोन शब्द बोलली की थांबत होती.

"अहो, जोड गळला का?"

हो म्हणून टाकणं सोपं होतं. नदीवरही ढकलता आलं असतं. बुवा तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"जोड नाही गळला. डब्याच्या तळाला भोक होतं. मीच पाडलेलं."

"कशाला?"

"पाणी साचू नये म्हणून."

वाकून तिनं अंगठा आपल्या नडगीवर दाबला आणि उचलला. तिथं खळगा पडला, तो तसाच राहिला.

"मला एखादं पाडलं असतंत तर," ती म्हणाली. न्हाणीची थट्टा केली होती त्याच आवाजात. पण या वेळी तिलाही हसू आलं नाही.

बुवांनी तिचा पाय मांडीवर घेतला. लोकांच्या भिंतींतलं, गच्च्यांतलं, मोऱ्यांतलं साचलेलं पाणी त्यांनी जन्मभर काढून दिलं होतं. हे पाणी त्यांच्या हाताखाली, कातडीच्या एवढ्याशा पडद्याआड होतं आणि त्यांना हलवता येत नव्हतं. लांबून धरणाचा भोंगा ऐकू आला. आणखी एक दरवाजा उघडत होते.

"घोटभर पाणी देता?" तिनं विचारलं.

बुवांनी ओट्यावरचा मग हातात घेऊन आत पाहिलं. अर्ध्या मगाच्या हिशेबानं आजच्या चार रेघा सकाळीच संपल्या होत्या.

"आजचं झालं," ते म्हणाले, आणि तो मग परत ओट्यावर ठेवला.