एकाच फोनची किल्ली

ही गोष्ट २०२३ सालच्या दसऱ्याची. बदलापूरला श्यामकांतांच्या दंडावर बंद्या रुपयाएवढं पांढरं बटण चिकटवलेलं असे. ते रक्तातली साखर सांगे, आकडा फोनवर दिसे. ते आलं तेव्हा त्यांच्या बायकोने, उमाबाईंनी, बोट टोचायचं जुनं यंत्र कामवाल्या गयाबाईला देऊन टाकलं, तिच्या नवऱ्यासाठी.

दसऱ्याच्या मुहूर्तावर श्यामकांतांनी उल्हासनगरहून नवा फोन आणला. जुना बदल्यात दिला. दुकानाच्या शेठने फोटो, नंबर सगळं नव्यात घातलं आणि जुना तिथल्या तिथे पुसून कोरा केला. घरी येऊन बघतात तर बटण नव्या फोनशी बोलेना.

उमाबाईंनी कंपनीला फोन लावला.

"मॅडम, एवढ्याशा बॅटरीत एकाच फोनची किल्ली बसते," पलीकडची मुलगी म्हणाली. "तुमची माहिती कुणी चोरू नये म्हणून. तो फोन पुसला ना? मग नवीनच बटण लावावं लागेल."

"आमचीच माहिती आम्ही कशी चोरू गं?"

"सॉरी, मॅडम."

"उद्या आणू," श्यामकांत म्हणाले. "अंबरनाथच्या कारखान्यात बॉयलरचा नुसता आवाज ऐकून सांगायचो मी, काय बिघडलंय ते."

"बॉयलर श्रीखंड खात नव्हता."

तरी त्यांनी दोन वाट्या खाल्ल्याच.

दुपारी वीज गेली. उमाबाई चहाला उठवायला गेल्या, तर श्यामकांत अर्धवट डोळे उघडून काहीतरी असंबद्ध पुटपुटत होते. सदरा भिजलेला, पण उकाड्याने त्यांचंही लुगडं भिजलं होतं. साखर उतरली असेल तर लगेच गोड द्यायला हवं. चढली असेल तर गोड म्हणजे विषच. साखरपाण्याचा पेला हातात घेऊन त्या उभ्या राहिल्या आणि पुण्याला मुलाला फोन लावला.

"आई, आकडा बघ ना!" अवधूत ओरडला.

"अरे, ते बोलत नाही माझ्याशी!"

"मग साखर दे. थांब, श्रीखंड खाल्लंय ना? नको देऊ. डॉक्टरांना विचारतो."

सणाचा दिवस, डॉक्टरांचा फोन नुसता वाजत राहिला. उमाबाईंनी पेला ओठांपर्यंत नेला, पुन्हा खाली ठेवला. शेवटी शेजारच्या समीरने श्यामकांतांना उचलून रिक्षात घातलं.

दवाखान्यात नर्सने बोट टोचलं. आकडा इतका खाली होता की तिने पुन्हा टोचून पाहिलं. श्रीखंड खायचं म्हणून श्यामकांतांनी गुपचूप इन्सुलिन जास्त घेतलं होतं. दंडावरच्या बटणाला सगळं ठाऊक होतं.

श्यामकांत वाचले, पण पूर्वीसारखे झाले नाहीत. बायकोचं नाव कधी आठवायचं, कधी नाही. पुढच्या वर्षी पावसाळ्यानंतर ते गेले. अवधूतने पुणं सोडलं, बायको-मुलीला घेऊन बदलापूरला आला. त्या दुपारी फोनवर झालेल्या बोलण्याबद्दल मायलेक बोलत नाहीत. समीर दुबईला गेला. गयाबाईचा नवरा बरा आहे. उमाबाई घरात कुणी दुपारी जरा जास्त झोपलं की दंड धरून हलवतात.

"आजी, मी नुसती झोपलेय गं!" नात ओवी चिडते.

"हो गं, झोप," म्हणतात, आणि तिथेच बसून राहतात.