कटल्याचं कमळ

निकिताला खोटं बोलायची तशी काही गरज नव्हती. पण माणूस गरजेपोटी कमी आणि भीतीपोटीच जास्त खोटं बोलतं, आणि निकिता सासूला भीत होती. सासू, द्वारकाबाई, काही खाष्ट नव्हत्या. माळकरी होत्या, एवढंच. गळ्यात तुळशीची माळ, इंदापुरातल्या बायकांच्या भजनी मंडळात पहिल्या रांगेत जागा, आणि घरात कुणी अंड्याचं नाव काढलं तरी चूळ भरून यायच्या.

अशा घरात ह्या पोरीनं मासळीचे खवले आणले.

बारामतीला माहेरी असताना तिला कागदाची, कापडाची फुलं करायचा नाद होता. लग्न होऊन इंदापुरात आली. नवरा, दीपक, सकाळीच मोटारसायकलला किक मारून बारामतीच्या एमआयडीसीत जायचा, आणि मग दुपार काही सरता सरायची नाही. अशाच एका दुपारी तिनं मोबाइलवर कुठल्याशा बाईला खवल्यांची फुलं चिकटवून दिवाळीची कार्डं करताना पाहिलं. झालं, तिला चैन पडेना. उजनी धरणाचं पाणी जवळ, मासळीबाजार तर भाजी आणायच्या वाटेवरच. तिथं जयवंता मासळी कापून द्यायला बसायची.

"खवलं व्हय? ती तर मी फेकूनच देती," जयवंता हसली. पण दुसऱ्या दिवसापासून ती कटल्याचे, म्हणजे उजनीतल्या त्या थोराड माशाचे, मोठे खवले निवडून, धुऊन पिशवीत बाजूला ठेवू लागली. पैशाचं नाव काढू देईना. "एक कारड मला दे म्हंजे झालं. माज्या हातच्या घाणीचं फूल कसं हुतंय ती बगू तर दे."

"दिवाळीला घरीच या, मावशी," निकिता म्हणाली. "फराळ करा आणि कार्ड घेऊन जा." बोलायला काय जातंय!

द्वारकाबाई भजनाला गेल्या की गच्चीवर मिठाच्या आणि लिंबाच्या पाण्यात वास जाईपर्यंत खवले धुवायचे, खायच्या रंगात बुडवायचे, सावलीत वाळवायचे. वाळताना त्यांच्या कडा आपसूक वळायच्या, अगदी पाकळीसारख्या. मग जाड कागदावर एकेक पाकळी चिकटवून कमळ करायचं आणि खाली 'शुभ दीपावली' लिहायचं. दिव्यापुढं धरलं की कमळ आतून उजळल्यासारखं दिसायचं.

द्वारकाबाईंनी ते पाहिलं आणि बघतच राहिल्या. "कशाचं गं हे?"

"मक्याच्या दाण्याची सालं, आत्या," निकिताच्या तोंडून निघून गेलं.

"आपल्या मक्याची?"

"हो."

"अगं बया! दाणं जनावरांनी खाल्लं, आन् साल लक्ष्मीच्या उपेगाला आली." द्वारकाबाईंना कोण आनंद झाला! भजनी मंडळातल्या सगळ्या बायकांना त्यांनी एकेक कार्ड नेऊन दिलं. 'सुनंनं केलंय, आमच्याच रानातल्या मक्याचं,' असं प्रत्येक दारात सांगितलं. लक्ष्मीपूजनाला एक कार्ड देव्हाऱ्यात ठेवलं, नरसिंहपूरच्या नरसिंहाच्या तसबिरीला टेकवून, आणि कमळावर हळदकुंकूही वाहिलं.

आरतीचं ताट धरून निकिता मागं उभी होती. आत्ता सांगावं का? पण ऐन पूजेत कसं सांगणार? पूजा झाल्यावर वाटलं, आता सांगून तरी काय उपयोग? सांगायची वेळ आपण होऊन येत नसते, आपणच आणावी लागते, हे तिला कळत होतं. तरी तिनं नुसतेच देवापुढं हात जोडले, पण मान वर करून देवाकडं बघायची तिला लाज वाटली.

पाडव्याला जयवंता आली. ठेवणीतलं हिरवं लुगडं, चापूनचोपून तेल लावलेले केस, फाटकाशी संकोचून उभी. निकिता बोलावलेलं विसरलीच होती म्हणा. तिनं फाटकातच काहीबाही बोलून तिला वाटेला लावायचं बघितलं, तेवढ्यात आतून द्वारकाबाई म्हणाल्या, "सणाचं माणूस दारात का उभं केलंस? आत घे की."

जयवंता उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसली. द्वारकाबाईंनी लाडू-चिवड्याची ताटली पुढं ठेवली. "काय करता बाई तुमी?"

जयवंता तोंड उघडणार, त्याच्या आधी निकिता बोलली, "भाजी विकतात. मंडईत."

जयवंतानं तिच्याकडं एकदा पाहिलं. मग ताटलीकडं गेलेले हात मागं घेतले आणि पदराखाली लपवले. त्या हातांना वास होता की नव्हता, देव जाणे. घासूनपुसून अंघोळ करून आली होती बिचारी.

"बघा तरी आमच्या सुनंची कला," द्वारकाबाईंनी देव्हाऱ्याकडं बोट केलं. "मक्याच्या सालीचं कमळ हाय."

जयवंतानं कमळ पाहिलं. त्यातला खवला न् खवला तिनं निवडलेला.

"व्हय," ती म्हणाली. "मक्याचंच की. लई ग्वाड दिसतंय."

निकिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाडू पदरात बांधून जयवंता उठली, तेव्हा निकिता मागोमाग फाटकापर्यंत गेली आणि सगळ्यात चांगलं जमलेलं कार्ड तिच्या हातात दिलं. जयवंतानं ते तसंच परत केलं. रागावली नव्हती ती.

"नगं, ताई," ती म्हणाली. "आमच्यात मका कुठला?"

निकिता आत आली ती तडक देव्हाऱ्यापुढं. "आत्या, ते मक्याचं नाही. माशाचे खवले आहेत."

द्वारकाबाईंचा हात माळेकडं गेला. "आन् ती बाई?"

"मासळी कापते. तिनंच दिले."

द्वारकाबाईंनी कार्ड उचलून बाहेर ठेवलं, अंघोळ केली, देव धुतले, पूजा पुन्हा मांडली. निकिता भिंतीशी उभीच. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं तिला झालं.

शेवटी द्वारकाबाई म्हणाल्या, "मासळी तिची रोजीरोटी हाय. लाज तुला वाटली आन् हात तिनं लपवलं. ते बी माझ्या घरात." आणि मग, "आन् खोटं तू एकदा बोललीस, मी ते घरोघर वाटत फिरले."

त्याच संध्याकाळी दोघी निघाल्या. प्रत्येक दारात द्वारकाबाई एकच सांगत होत्या, "ते मक्याचं न्हाय, मासळीचं हाय. माझ्याकडनं चूक झाली. कारड माघारी द्या." सुनेचं नाव एकदाही घेतलं नाही. एकीनं फिदीफिदी हसत विचारलं, "काय द्वारकाबाई, औंदा दिवाळीला मासळी वाटली व्हय?"

"व्हय," द्वारकाबाई म्हणाल्या. निकिता मागं पिशवी धरून उभी होती. तिची मान काही वर होईना.

दिवाळी सरली तशी द्वारकाबाई सुनेला घेऊन मासळीबाजाराच्या तोंडाशी आल्या. उभ्या जन्मात इकडं फिरकल्या नव्हत्या त्या. "जा," त्या म्हणाल्या. "मी हितंच थांबते."

जयवंतानं लांबूनच दोघींना पाहिलं. निकिता जवळ पोचेपर्यंत तिनं पुढ्यातल्या मासळीवर ओलं गोणपाट ओढून घेतलं होतं.

"आज भाजी सपली, ताई," ती म्हणाली, पार तिकडं ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

मी घरी सगळं सांगितलंय, असं म्हणायला निकिता आली होती, ते तसंच राहिलं. ती खाली बसली आणि गोणपाटाचं टोक धरून बाजूला ओढू लागली. जयवंतानं दुसरं टोक घट्ट धरून ठेवलं.

"सोड की," ती हळूच म्हणाली. "सासूबाई बगत्यात."