सामनेवाली नंबर दोन

सामनेवाली नंबर दोनने डब्याचं झाकण उघडलं, भाकरीचा मोठा अर्धा अर्जदारबाईच्या हातावर ठेवला आणि वर शेंगदाण्याच्या चटणीची चिमूट सोडली.

"खा. पुकारा झाल्यावर भूक लागली म्हनशील."

अर्जदारबाई म्हणजे सुविधा, आणि सामनेवाली नंबर दोन म्हणजे तिची सासू तानीबाई. दोघी निपाणीच्या कोर्टाच्या व्हरांड्यात एकाच बाकावर बसल्या होत्या. आल्या होत्या एकाच स्कूटीवरून. सुविधा चालवत होती आणि तानीबाई मागे एका बाजूला पाय सोडून, केसच्या कागदांची पिशवी मांडीवर धरून. त्या पिशवीतल्या अर्जाच्या तिसऱ्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं, की सामनेवाली नंबर दोन ही अर्जदाराला उपाशी ठेवत असे.

"आत्ती, पुरे की. तुमाला काय उरलं?"

"मला हाय. तू खा."

चूक वकिलांच्या कारकुनाची होती. जोतिबा नावाचा हा कारकून पंचवीस वर्षं घरगुती हिंसाचाराचे अर्ज टाइप करत आला होता आणि त्याच्याकडे एक तयार नमुना होता. नवरा नंबर एक, सासू नंबर दोन, नणंद नंबर तीन. तिघांचे गुन्हे आधीपासून टाइप केलेले. फक्त नावं भरायची. सुविधाच्या नवऱ्याला, यशपालला, बहीण नव्हती. पण रकाना रिकामा सोडणं जोतिबाच्या स्वभावात बसत नव्हतं, म्हणून नंबर तीनपुढे त्याने 'नाव व पत्ता माहीत नाही' असं लिहून ठेवलं. सही करताना सुविधाचा डावा कान इतका ठणकत होता, की तिने शेवटचं पान तेवढं वाचलं.

तो कान मार्चमधला. यशपालने त्याआधीही हात उचलला होता, दोनदा, चारदा. या वेळी कानाचा पडदा फाटला, दवाखान्याचा कागद झाला, म्हणून ही मोजली गेली, इतकंच. सुविधा स्वतः सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स. आपल्याच वॉर्डात आपलाच केसपेपर काढताना तिने 'कारण' या रकान्यात आधी 'पडल्यामुळे' लिहिलं होतं. बाजूला उभ्या असलेल्या तानीबाईंच्या हातून नेमकं तेव्हाच पाण्याचं भांडं कलंडलं आणि कागद चिंब झाला. दुसरा कागद घ्यावा लागला. दुसऱ्यावर सुविधाने खरं लिहिलं.

"चुकून सांडलं गं," एवढंच तानीबाई म्हणाल्या होत्या.

त्यानंतर आठवड्याभरात यशपालचे सगळे कपडे, बूट आणि दाढीचं सामान बॅगेत भरून अंगणात आलं. घर तानीबाईंच्या नावावर होतं. यशपालने विचारलं, हे काय. तर म्हणाल्या, कपड्याला कसर लागलीया, उन्हात ठेवलंय. तो तणतणत बॅग उचलून निपाणीत मित्राच्या खोलीवर राहायला गेला. आईने आपल्याला घराबाहेर काढलं, की आपणच रागाने निघालो, हे त्याला अजून नक्की सांगता येत नव्हतं. सुविधालाही नाही. कारण पोराविरुद्ध एक वाकडा शब्द तानीबाईंच्या तोंडून तिने कधी ऐकला नव्हता. शिवाय मागच्या महिन्यात यशपाल जिलेबी घेऊन आला, तेव्हा त्यांनी त्याला चहा करून दिला आणि त्याने पुढे केलेल्या वकीलपत्रावर, साक्षरतेच्या वर्गात शिकलेल्या ठळक अक्षरांत, सही करून दिली. म्हणजे आता नंबर एक आणि नंबर दोन, दोघांचा वकील एकच होता. यशपालचा.

त्या सहीबद्दल सुविधाने काही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर काय उत्तर आलं असतं, याची तिला भीती वाटत होती.

नागेंद्र वकील काळा कोट सावरत आले. सुविधाचे वकील हे. चूक कळल्यापासून तानीबाईंसमोर ते जरा वाकूनच बोलत.

"आक्का, अजून सांगतो, नाव कमी करायचा अर्ज देऊ या. माझंच चुकलंय."

"ऱ्हाऊ द्या की वकीलसाहेब. नाव काढलं तर आत पुढं बसू देत्याल का मला?"

"तसं न्हाय बसता येणार."

"मग ऱ्हाऊ द्या."

वकिलांनी सुविधाकडे पाहिलं. सुविधाने भाकरीकडे पाहिलं.

पुकारा झाला.

न्यायाधीशबाई नव्याने बदलून आलेल्या, म्हैसूरकडच्या. त्यांचं कन्नड मऊ आणि हळू. मराठी त्यांना बिलकूल येत नव्हती. मराठीचं भाषांतर करायचं काम बेंच क्लार्क मारुतीरावांचं. आज प्रश्न एकच होता: केसचा निकाल लागेपर्यंत सुविधाची सात वर्षांची मुलगी प्रियदर्शनी कुणाजवळ राहणार. प्रियदर्शनी त्या वेळी शाळेत पाढे म्हणत होती.

यशपालचे वकील उभे राहिले. माणूस हुशार होता आणि त्याने जोतिबाचा नमुना नीट वाचला होता.

"अर्जदारबाईंना महिन्यात दहा दिवस नाईट ड्यूटी असते. तेव्हा मूल कुणाजवळ? घरात फक्त सासू. आणि ही सासू कशी आहे, हे मी नाही सांगत, अर्जदारबाईंनीच लिहून दिलंय. उपाशी ठेवते, टोचून बोलते, छळ करते. अशा बाईजवळ मूल ठेवायचं? वडील घरून काम करतात. ताबा वडिलांकडे असावा."

नागेंद्र वकिलांनी गळ्याचा पांढरा बँड सैल केला. उत्तर त्यांच्याकडे होतं: की तो मजकूर आमच्या कारकुनाचा आहे, बाईंचा नाही. पण ते एकदा तोंडातून गेलं, की कानाच्या पडद्याचा मजकूर तरी कुणाचा, असं समोरचा विचारणार. ते उठले, बोलले. पण पाय मोडलेल्या खुर्चीवर बसल्यासारखं तोलून तोलून बोलले.

सुविधाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. परत गुंडाळलं. पोरगी आज संध्याकाळी शाळेतून कुठल्या घरी जाणार, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

न्यायाधीशबाईंनी नंबर दोनला पुढे बोलावलं.

तानीबाई उठल्या. चप्पल बाकाखाली काढून ठेवली, पदर डोक्यावर घेतला. त्यांच्या एका बाजूला यशपाल होता. तो हळूच म्हणाला, "आई, नीट सांग बरं का."

न्यायाधीशबाईंनी मारुतीरावांना विचारलं, यांना कन्नड येतं का. मारुतीरावांनी तानीबाईंकडे पाहिलं. तानीबाईंनी अंगठा आणि तर्जनी जवळ आणून चिमटीभर दाखवलं.

"स्वल्प, स्वल्प."

सुविधाला ठाऊक होतं ते एवढंच. तानीबाईंच्या कन्नडची सगळी मिळकत चार शब्दांची. त्यातला एक 'साकु', म्हणजे पुरे. चहावाल्यापुढे आणि भाजीवालीपुढे त्यावरच त्यांचं भागत आलं होतं. आयुष्याची वीस वर्षं त्यांनी तंबाखूच्या वखारीत चिकोडी-संकेश्वरकडच्या कानडी बायकांबरोबर पानं निवडली होती खरी. पण तिथे तोंडाला फडकं बांधलेलं असतं, बोलणार कोण.

न्यायाधीशबाई पुढे झुकल्या आणि सावकाश म्हणाल्या, "अम्मा, मगुवन्ना यारु साकतारे?"

अम्मा, मुलाला कोण सांभाळणार? मारुतीराव मराठीत सांगायला तोंड उघडतच होते. पण तानीबाईंनी तो 'साक' पकडला आणि यशपालकडे एकदा नीट पाहून दोन्ही हात वर केले.

"साकु! नानु साकु!"

टाइपिस्टने मान वर केली.

"म्हातारीला कळलं न्हाय," यशपाल वकिलाच्या कानाशी पुटपुटला. "पुरे झालं म्हणाय लागलीया ती."

वकील ताडकन उठले. "मॅडम, त्यांना प्रश्नच समजला नाही. 'पुरे' म्हणायचंय त्यांना. मला पुरे झालं, मी कंटाळले, असं."

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. भाषेचा विषय निघाला की त्यांचा चेहरा उजळायचा. त्यांचे वडील व्याकरणाचे मास्तर होते, असं नंतर कळलं. 'मला पुरे' असं म्हणायचं तर कन्नडमध्ये 'ननग साकु' म्हणतात, त्या म्हणाल्या. या बाई म्हणाल्या, 'नानु साकु'. म्हणजे, मी पुरेशी आहे. विचारलं काय, मुलाला कोण सांभाळणार. उत्तर आलं, मी आहे की, मी पुरे. प्रश्नाला याहून नेमकं उत्तर आजवर या कोर्टात कुणी दिलेलं नाही, वकिलांना धरून.

"पण मॅडम, ती व्याकरणाची चूक—"

"तुमचं वकीलपत्र दोघांचं आहे ना? नंबर एक आणि नंबर दोन?"

"हो."

"मग तुमच्याच पक्षकाराचं म्हणणं चूक आहे, असं तुम्ही मला सांगताय का?"

वकिलांनी वकीलपत्र उलटून पाहिलं. खाली ठळक अक्षरांत सही होती: तानीबाई सत्याप्पा. ते बसले.

न्यायाधीशबाईंनी मारुतीरावांना, मराठीतूनही एकदा विचारून घ्या, म्हणून सांगितलं. मारुतीरावांनी विचारलं, "आज्जी, सून ड्यूटीवर गेली की नातीला तुम्ही सांभाळता का?"

"आता काय आबाळ चाललीया व्हय तिची?" तानीबाई म्हणाल्या. "कालच वेणी घालताना उवा बघितल्या. एक गावली न्हाय."

मारुतीरावांनी यातलं किती भाषांतर करावं, याचा विचार केला आणि 'हो' एवढंच केलं.

निकाल लागेपर्यंत मूल आईकडेच, आजीच्या देखरेखीत. वडिलांनी दर रविवारी दहा ते पाच त्याच घरी येऊन भेटावं, आजी हजर असताना. अर्जदाराला त्रास द्यायचा नाही, तिच्या कामाच्या ठिकाणी जायचं नाही. न्यायाधीशबाई सांगत गेल्या आणि टाइपिस्ट टाइप करत गेला. सुविधा सगळं उजव्या कानाने ऐकत होती. डाव्याने ऐकलं असतं तर तिला खरं वाटलं नसतं.

बाहेर यशपाल व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभा होता. राग आला होता. पण तो कुणावर काढावा, हे ठरत नव्हतं.

"आई, कन्नड येत न्हाय तर बोलाय कशाला जातीस गं?"

"चुकलं रं बाबा," तानीबाई म्हणाल्या. "म्हातारं मानूस. ती बाई काय बोलली, मी काय बोलले."

"चुकलं म्हणं! झालं की माझं वाटोळं."

"रविवारी ये. पोरगी वाट बघती. आनि जिलेबी नगं आनूस, दात किडल्यात तिचं."

तो काहीतरी बोलणार होता. पण चूक झालेल्या म्हाताऱ्या आईशी भांडत उभं राहणं त्याच्या वकिलासमोर बरं दिसेना. मोटारसायकलला दोन किका जास्त मारून तो निघून गेला. तानीबाई त्याची पाठ वळणापर्यंत बघत राहिल्या. मग बाकाखालची चप्पल विसरली म्हणून परत आत गेल्या, आणि यायला जरा वेळ लागला. आल्या तेव्हा पदराने डोळे नाही, तोंड पुसत होत्या.

नागेंद्र वकील इतके खूश होते, की त्यांनी घटना पुन्हा समजावून सांगितली, जणू तानीबाई तिथे नव्हत्याच.

"आक्का, एका अक्षराचा खेळ झाला बघा. 'ननग' म्हणाला असता तर मेलो होतो आम्ही. लक्षात ठेवा, 'मला पुरे' म्हणजे 'ननग साकु'. 'नानु' न्हाय. पण आज तुम्ही चुकलात म्हणून वाचलो."

"असंल बाबा. आमाला काय कळतंय."

"जोतिबाला सांगतो, नमुन्यात सासूचा रकाना राहूच दे."

रस्त्यापलीकडे चहाचा गाडा होता. चहावाला गोकाककडचा कानडी, मिशीवाला, नवीनच गाडा लावलेला. दोघी लाकडी फळीवर बसल्या. सुविधाला आता कुठे खरोखरची भूक लागली होती. तिने डब्यात उरलेला भाकरीचा तुकडा काढला आणि अर्धा करून सासूच्या हातावर ठेवला. या खेपेला मोठा अर्धा तिकडे गेला.

"आत्ती," ती म्हणाली, "ती सही. वकीलपत्रावरची. का केलीसा?"

"जिलेबी आनली हुती त्यानं," तानीबाई म्हणाल्या. "पोरगं एवढं लांबनं आलतं. न्हाय कसं म्हनायचं?"

चहावाला किटली घेऊन आला आणि तानीबाईंच्या कपात ओतू लागला. अर्ध्यावर आल्यावर त्यांनी कपावर तळहात धरला.

"ननग साकप्पा," त्या म्हणाल्या. "आकीग हाकु. तुंब हाकु. बेळिग्गेयिंद एनू तिंदिल्ल आकी."

मला पुरे, हिला घाल, भरून घाल, सकाळपासून काही खाल्लेलं नाही हिने, एवढं ऐकून चहावाल्याने मान डोलावली आणि सुविधाचा कप काठोकाठ भरला. मग गाड्यावरच्या बरणीतली दोन बिस्किटंही, न मागता, तिच्यापुढे ठेवली.

सुविधाच्या हातातला भाकरीचा घास तसाच राहिला. आत्ती तिच्या डाव्या बाजूला बसल्या होत्या. आपल्याला नीट ऐकू आलं नसेल, म्हणून तिने मान वळवून उजवा कान पुढे केला.

पण तानीबाईंचं बोलून झालं होतं. त्या अर्ध्या कपावर फुंकर मारत होत्या.