एकच शाब्बास

कचेरीत त्याला सगळे मास्तर म्हणत, कारण शिकवल्याशिवाय त्याला चैन पडायची नाही. तिथे लहान मुलांसाठी हलत्या चित्रांचे धडे बनत. बेरीज-वजाबाकी, प्राणी-पक्षी धरून दोनशे सात. मास्तरचा हट्ट असा, की आवाज प्रत्येक धड्यात कोंबायचे नाहीत. ते सगळे एका सामायिक फाइलमध्ये राहतील आणि धडा सुरू झाला की तो ते नेटवरून तिथूनच उचलेल. "एका जागी बदला, दोनशे जागी बदलतं," तो सांगे. "आणि जुनी प्रत मुळीच ठेवू नका. दोन फाइली पडून राहिल्या की घोळ झालाच समजा."

त्या फाइलमध्ये त्याच्या बायकोचा आवाज होता. सुरुवातीला आवाज द्यायला कुणी मिळेना, म्हणून तिलाच माइकसमोर बसवलं होतं. मुलाचं उत्तर बरोबर आलं की ती "शाब्बास" म्हणे. ती जाऊन पाच वर्षं झाली. घरात तिचे फोटो ढीगभर होते, आवाज मात्र हा एवढाच.

सोमवारी साहेब चाचरत म्हणाले, "मास्तर, जुन्या आवाजात खरखर आहे हो. नव्या बाईंचं रेकॉर्डिंग आलंय. तुम्हाला जड जाईल, पण..."

"त्यात काय, करून टाकतो," मास्तर म्हणाला.

काळजावर दगड ठेवूनच म्हणाला तो, पण एक धीर होता. बेरजेचा धडा घरी होता. सासूबाई त्याच्याकडेच राहत, आणि त्यांच्या कॉम्प्युटरवर तो त्यानेच उतरवून दिला होता. बाई सत्तरीच्या, पण रोज दुपारी पहिलीची बेरीज सोडवत, लेकीची शाबासकी ऐकायला. चुकून एखादं उत्तर चुकलं तर दिवसभर हळहळत.

त्याने नवी फाइल त्याच नावाने जुनीवर चढवली. मूळ रेकॉर्डिंगही सवयीने पुसलं. मेली ती शिस्त!

संध्याकाळी घरी आला, तर सासूबाई कॉम्प्युटरपुढे नुसत्या बसलेल्या.

"जावईबापू, हे बिघडलंय का बघा. दुसरीच कुणीतरी बोलतेय."

धडा घरचा होता, पण आवाज कुठे घरचा होता? तो दर वेळी कचेरीतूनच यायचा. जगाला हेच घोकवलं गड्याने, आणि स्वतःच्या घरापाशी विसरला.

"तुमच्याकडे एखादी प्रत असेलच की," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्यातले जाणते."

"नाही आई. मीच पुसली." त्याला रडू आलं आणि ते त्याने लपवलं नाही.

त्यांनी कॉम्प्युटर बंद केला. रागावल्या असत्या तरी चाललं असतं त्याला. मग म्हणाल्या, "ती कशी म्हणायची, म्हणून दाखवा."

"मला कसं जमेल?"

"म्हणा तर खरं."

"शाब्बास," तो म्हणाला. आवाज घोगरा, फाटका निघाला.

"अंहं. मधलं 'ब्बा' लांबवायची ती. बोलायला मीच शिकवलं होतं तिला."

आणि त्यांनी स्वतः म्हणून दाखवलं. बरंचसं जवळ आलं. पण ते तिचं नव्हतं, आणि हे दोघांनाही कळलं.