बंबखान्यातला दगड

आमच्या गावच्या बंबखान्याचा, म्हणजे सरकारी भाषेत जुन्या अग्निशमन केंद्राचा, इतिहास लिहायचं काम माझ्याकडं आलं. नगरपरिषदेत पंचवीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला इतिहास येणार नाही तर कुणाला? गावाचं नाव सांगत नाही. धाराशिव जिल्ह्यात, कर्नाटकच्या हद्दीजवळ, एवढं पुरे. मला अजून दोन वर्षं नोकरी करायची आहे.

तर इतिहास असा. इमारत झाली, एक बंब आला. त्यानं पुढाऱ्यांच्या घरच्या लग्नात मांडवापुढची धूळ दाबली, पाहुणे यायच्या आधी रस्ते धुतले आणि सवड मिळाली तर कडब्याच्या गंजी विझवल्या. चौदा वर्षांपूर्वी तेलाच्या गिरणीला आग लागली, तेव्हा बंब हेलिपॅडवर पाणी मारायला गेला होता. मोठ्या माणसांच्या डोळ्यांत धूळ जाऊ नये, ही काळजी कुणी तरी घ्यायलाच हवी. बंबखान्यात फायरमन धुळाप्पा एकटाच होता. ओलं पोतं अंगावर घेऊन तो पळत गेला. दोन हमाल बाहेर काढले. तिसऱ्याला आणायला आत गेला तो आलाच नाही.

व्यापाऱ्यांनी त्याच्या नावाचा काळा दगड बंबखान्याच्या दाराशी बसवला. धुळाप्पाची बायको जगदेवी दर सोमवारी येऊन त्याला विभूती लावायची, बेलाचं पान ठेवायची. पुढं बंब बायपासला गेला. इमारतीत रेशनचं धान्य राहिलं, मग मतदानाच्या पेट्या, मग कुत्री. जगदेवीचा सोमवार काही चुकला नाही.

यंदा तिथं अभ्यासिका करायचं ठरलं. गावातली पोरं मोबाईलवर वाचतात, पण उद्घाटन मोबाईलवर करता येत नाही. कोनशिलेवर अठरा नावं कोरायची होती. नवी कोरी शिला आदल्या दिवशी टेम्पोतून उतरवताना फुटली. नगराध्यक्ष राजशेखरअण्णा माझ्यावर उखडले. मुहूर्त सकाळचा! तेव्हा मीच डोकं चालवलं आणि फाईलवर टिपण लिहिलं : "इमारतीतच योग्य मापाचा दगड उपलब्ध. मागची बाजू कोरी." अण्णांनी पाठ थोपटली. दगड उपटला, उलटा केला, अठरा नावं कोरली आणि आतल्या भिंतीत सिमेंटनं पक्का बसवला.

उद्घाटनाचा दिवस नेमका सोमवार. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

जगदेवी बेल घेऊन दारात उभी राहिली. तिथं नुसता खड्डा होता. ती थेट माझ्याकडं आली.

"सायब, मालकाचा दगड कुठं गेला?"

खोटं बोलायची मला चांगली सवय आहे, पगार त्याचाच मिळतो. पण तिच्यापुढं जमेना. मी भिंतीकडं बोट केलं. "त्योच हाय मावशी. नाव मागच्या अंगाला हाय. पुसलं न्हाय, खरंच न्हाय."

पडद्याखालून दिसणारा दगडाचा जुना फुटका कोपरा तिनं ओळखला.

"मालक आगीला पाठ दावून कधी पळलं न्हाईत, सायब. तुमी त्यास्नी भिंतीकडं तोंड करून उभं केलं."

मला लाज वाटली. पंचवीस वर्षांत इतकी कधी वाटली नव्हती.

फीत कापली गेली, पडदा सरला. तेवढ्यात जगदेवी गर्दीतून पुढं गेली. अठरा नावांच्या वर तिनं विभूतीची तीन बोटं ओढली, खाली बेलाचं पान ठेवलं आणि दगडाला डोकं टेकलं. राजशेखरअण्णांचं नाव सगळ्यात वर होतं. त्यांचे डोळे भरून आले. हात जोडून ते माईकवर म्हणाले, "मायमाउल्यांचं हे प्रेम! मी ह्याला लायक न्हाय!"

पहिल्यांदाच खरं बोलले.

टाळ्या मी सुरू केल्या, अगदी तळहात लाल होईस्तोवर. कुणासाठी, ते कुणी विचारलं नाही.